दाबणारे यंत्र आणि उचलणारे यंत्र



गेल्या महिन्यात आमचा नातू आठ दिवस राहायला आला होता. वय वर्षे पाच. आमच्या घरातल्या कशाचेही त्याला विशेष वाटले नाही, ना टीव्हीचे, ना आजीच्या लाडवांचे. त्याला आवडली ती कचऱ्याची गाडी! रोज सकाळी पावणेआठच्या सुमारास ती कोपऱ्यावरची हिरवी कुंडी उचलायला येते. तिचा आवाज आला की हा दात घासायचे सोडून गॅलरीत पळायचा. गाडीच्या पाठीमागचे दोन लोखंडी हात खाली येतात, कुंडीच्या दोन्ही कडांच्या खुंट्या पकडतात, कुंडी वर जाऊन उलटी होते, झाकण धाडकन आपटते, आतला सगळा ऐवज गाडीच्या पोटात पडतो आणि मग एक भलीमोठी लोखंडी फळी तो आत ढकलून दाबते. चौथ्या दिवशी त्याने विचारले, "आबा, ही गाडी एवढं जड कसं उचलते? ती दमत नाही?"

चौतीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. माझे विषय इतिहास आणि मराठी, पण ऑफ तास कुणाच्याही वाट्याला येतात आणि पास्कलचा नियम मी अशा तासांना दोनतीनदा शिकवलेला होता. औषधांच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज आणल्या, एक बारीक, एक जाड. मध्ये नळी जोडली आणि पाणी भरले. जाड सिरिंजचा दट्ट्या मी अंगठ्याने दाबून धरला आणि बारीक सिरिंजचा दट्ट्या त्याला दाबायला सांगितला. त्याच्या एका बोटापुढे माझा अंगठा हरला. त्याला इतका आनंद झाला की तो प्रयोग घरातल्या प्रत्येकावर झाला, कामवाल्या मावशींवरसुद्धा.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, एवढाच तो नियम. दट्ट्या जितका रुंद तितके त्यावरचे बळ जास्त. फुकट मात्र काही मिळत नाही. बारीक दट्ट्या पुष्कळ सरकवावा तेव्हा जाड दट्ट्या थोडासा सरकतो. कचऱ्याच्या गाडीत पाण्याऐवजी तेल असते, आणि बोटाऐवजी गाडीच्या इंजिनावर फिरणारा पंप. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला आणि सिलिंडर आतून दहा सेंटिमीटर रुंद असला, तर क्षेत्रफळ येते साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर आणि बळ जवळजवळ पावणेबारा टन. आमच्या केशकर्तनालयातली खुर्ची पायाने दाबून वर चढते, तीही याच कुळातली!

नातू गेला, पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. इतिहासाच्या मास्तराची खोड अशी की वस्तू कशी चालते हे कळले की ती आली कुठून, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मुलाने दिलेल्या टॅबवर रात्री वाचत बसलो. सौ. म्हणाल्या, "आता कचऱ्याचाही इतिहास का?" म्हटले, हो, आता कचऱ्याचाच!

पास्कलचा तो ग्रंथ छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली. त्याचे यंत्र व्हायला पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा या कारागिराने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. हा ब्रामा कुलपे करणारा म्हणूनही प्रसिद्ध, आणि त्याहून गंमत म्हणजे फ्लशच्या संडासात सुधारणा करून त्याचेही पेटंट त्याने १७७८ साली घेतलेले. म्हणजे स्वच्छतेचे आणि हायड्रॉलिक्सचे नाते अगदी मूळ पुरुषापासूनचे आहे म्हणायचे! प्रेसची खरी अडचण होती गळतीची. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. त्यावर चामड्याची वाटीसारखी चकती बसवण्याची युक्ती निघाली. दाब जितका वाढेल तितकी ती चकती आपोआप घट्ट बसते. या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ले या तरुणाला देतात.

कचऱ्याची मोटार त्यानंतर शंभर वर्षांनी आली. लंडनजवळच्या चिझिक भागात १८९७ साली थॉर्निक्रॉफ्ट कंपनीची वाफेवर चालणारी कचरागाडी धावू लागली. पण ती फक्त वाहून न्यायची. भरायची माणसांनीच.

तेलाच्या दाबाला ट्रकवर आणले अमेरिकेतल्या गार वुड या गृहस्थाने, १९११ च्या सुमारास. तेव्हा कोळशाच्या ट्रकचा हौदा हाताने दांडा फिरवून उचलावा लागे. वुडने तिथे तेलाचा पंप आणि सिलिंडर बसवला. आज आपण ज्याला टिपर म्हणतो त्याचा हा आजोबा. या धंद्यात त्याने इतका पैसा मिळवला की पुढचे आयुष्य वेगवान मोटरबोटींच्या शर्यतीत घालवले आणि १९३१ साली पाण्यावर ताशी शंभर मैलांचा वेग ओलांडला. त्याच्याच नावाच्या कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'लोड पॅकर' नावाची कचरागाडी काढली. मागून कचरा टाकायचा आणि हायड्रॉलिक फळीने तो आत दाबायचा. एका गाडीत जवळजवळ दुप्पट माल मावू लागला. नगरपालिकांना ते आवडले नसते तरच नवल. फेऱ्या कमी, इंधन कमी, गाड्या कमी.

इथपर्यंत वाचले आणि एक गोष्ट मनात खटकली. ही फळी जे बळ लावते ते कचरा दाबण्यासाठी. म्हणजे फायदा गाडीचा. ज्याने तो कचरा घराघरातून उचलून गाडीपर्यंत आणला त्याच्या खांद्यावरचा भार त्यामुळे एक शेरभरही कमी झाला नाही. नाही म्हणायला मागची कड कमरेइतकी खाली आली, पूर्वीसारखे डोक्यावरून फेकावे लागेना, तेवढे श्रेय द्यायला हवे. पण उचलणारे यंत्र काही दाबणाऱ्या यंत्राबरोबर घरोघरी गेले नाही.

आता कोणी म्हणेल, उचलायची युक्ती तेव्हा ठाऊक नसेल. तर तसेही नाही! अमेरिकेच्या टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचे गाव आहे. तिथे डेम्पस्टर बंधू नावाचे कंत्राटदार होते. त्यांच्यातला जॉर्ज डेम्पस्टर तरुणपणी पनामा कालव्याच्या कामावर वाफेचे फावडे चालवून आलेला. रस्त्याच्या कामावर माल भरेपर्यंत ट्रक नुसता ताटकळत उभा राहतो, हे या भावांना परवडेना. म्हणून त्यांनी लोखंडी पेट्याच वेगळ्या केल्या. पेटी जागेवर भरत राहायची, ट्रकने यायचे, दोन हायड्रॉलिक हातांनी पेटी उचलून पाठीवर घ्यायची, नेऊन उलटी करायची आणि परत आणून ठेवायची. साल १९३५. या 'डेम्पस्टर-डम्पस्टर'वरूनच अमेरिकेत मोठ्या कचरापेटीला डम्पस्टर म्हणतात. जॉर्ज डेम्पस्टर पुढे नॉक्सव्हिलचा महापौरही झाला. पॅरिसमध्येही असेच झाले आहे. तिथे १८८३ साली पूबेल नावाच्या प्रशासकाने घरमालकांना झाकणाचे डबे ठेवण्याची सक्ती केली आणि लोकांनी चिडून डब्यालाच त्याचे नाव दिले. फ्रेंचमध्ये कचऱ्याचा डबा आजही पूबेलच. आपल्याकडे एखाद्या आयुक्ताच्या नशिबी हे आले असते तर... असो.

तर नॉक्सव्हिल हे टेनेसी राज्याच्या पूर्व टोकाला. त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला, सुमारे सहाशे किलोमीटरवर, मिसिसिपी नदीकाठी एक शहर आहे. त्याचे नाव वाचले आणि टॅब बाजूला ठेवून काही वेळ तसाच बसलो.

मेम्फिस.

हे नाव मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल! "मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे हत्या झाली." फळ्यावर लिहून द्यायचो. किंग १९५९ साली भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते, गांधीजींना गुरू मानत होते, हे सारे रंगवून सांगायचो. पण ते मेम्फिसला कशासाठी गेले होते? हे मी कधी सांगितले नाही. कोणा मुलाने विचारले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते. भाषण असेल, मोर्चा असेल, नेते जातातच कुठे ना कुठे, अशी माझी समजूत.

ते गेले होते कचरा उचलणाऱ्या कामगारांसाठी. आणि त्या संपाच्या मुळाशी होती एक कचरा दाबणारी गाडी.

१ फेब्रुवारी १९६८. मेम्फिसमध्ये मुसळधार पाऊस होता. एका गाडीवर चार जण काम करत होते. पुढच्या केबिनमध्ये सगळ्यांना जागा नव्हती. हे सगळे कामगार काळे. गोऱ्यांच्या वस्तीत कुठे आडोशाला थांबले तर लोक तक्रार करत, म्हणून तीही सोय नव्हती. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे पावसातून बचाव म्हणून गाडीच्या मागच्या भागात, जिथे कचरा टाकतात तिथेच, आत शिरून बसले. गाडी जुनी, पिंपासारख्या गोल पोटाची. वायरिंगमध्ये बिघाड झाला आणि दाबणारी फळी आपोआप चालू झाली. ड्रायव्हरने गाडी थांबवून बटण दाबले, पण फळी थांबली नाही. पुढचे लिहवत नाही. अशा गाड्या धोक्याच्या आहेत, काढून टाका, असे कामगार आधीपासून सांगत होते. दोघे रोजंदारीच्या हिशेबातले, विमा नाही. शहराने त्यांच्या घरच्यांना एका महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले.

त्याच सुमारास पावसामुळे गटारखात्यातल्या बावीस काळ्या कामगारांना दोन तासांचा रोज देऊन घरी पाठवले होते आणि गोऱ्या मुकादमांना पूर्ण दिवसाचा पगार मिळाला होता. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकावर लिहिलेले असे, 'मी माणूस आहे'. पगारवाढीची मागणी होती, युनियनला मान्यता हवी होती, सगळे होते. पण फलकावर मात्र हे एवढेच.

त्या कामगारांचे रोजचे काम कसे होते तेही वाचले. मेम्फिसमध्ये लोक कचरा रस्त्यावर आणून ठेवत नसत. कामगाराने प्रत्येक घराच्या परसात जायचे, तिथला डबा आपल्या टबात रिकामा करायचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत यायचे. टबांना भोके पडलेली. घाण पाणी आणि अळ्या मानेवरून अंगावर उतरत. घरी गेल्यावर कपडे दाराबाहेर काढावे लागत. म्हणजे बघा, गाडीच्या पोटात टनांचे बळ लावणारी फळी आहे आणि गाडीबाहेर माणसाच्या डोक्यावर गळका टब! आणि उचलणारा लोखंडी हात त्याच राज्यात तेहतीस वर्षांपूर्वी तयार झालेला. बाजारपेठा आणि कारखान्यांच्या दारात तो पोचला, कारण तिथे तो ट्रकचा वेळ वाचवत होता. परसातल्या डब्यासाठी यंत्र कशाला आणायचे? तिथे माणूस स्वस्त पडत होता. हे माझे मत आहे, पण दुसरे कारण मला तरी दिसत नाही.

किंग १८ मार्चला आले. २८ मार्चचा मोर्चा चिघळला, पोलिसांच्या गोळीने सोळा वर्षांचा एक मुलगा गेला. किंग पुन्हा आले, ३ एप्रिलच्या वादळी रात्री मेसन टेंपलमध्ये बोलले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली, पगारही थोडा वाढवला.

हे वाचत असताना मला सारखा आठवत होता आमच्या शाळेतला एक मुलगा. नाव लिहीत नाही, तो हा ब्लॉग वाचत असण्याची शक्यता आहे. साल १९८३-८४ असेल. त्याचे वडील नगरपालिकेच्या कचऱ्याच्या ट्रकवर होते. तेव्हा आमच्या गावात उघडा ट्रक असे. कोपऱ्यावरचा ढीग फावड्याने पाटीत भरायचा, पाटी डोक्याच्याही वर उचलायची, हौद्यात उभ्या असलेल्या दुसऱ्याने ती घेऊन रिकामी करायची आणि परत खाली टाकायची. दिवसभर. वडील एकदा निकालाच्या दिवशी शाळेत आले. प्रगतिपुस्तकावर सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि मग पेन धरले. मी पाहिले, आणि काही विचारले नाही. त्याच वर्षी त्याच वर्गात मी किंग शिकवला होता. ते पोर पहिल्या बाकावर बसायचे. मेम्फिसचे कारण मला ठाऊक असते, तर निदान त्या एका मुलाला तो धडा परक्या देशातला वाटला नसता.

यंत्राची गोष्ट मात्र अजून पुरी व्हायची आहे. योगायोग असा की त्याच १९६८ साली इंग्लंडमध्ये स्लाव या गावी प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीने चाकांचा डबा तयार केला, मुळात स्वतःच्या कारखान्यातला कचरा इकडून तिकडे न्यायला. साधीच गोष्ट, पण तिने जे केले ते मोठ्या यंत्रांनी केले नव्हते. डबा उचलावाच लागेना, तो ढकलता येऊ लागला. डब्याची कड आणि खुंट्या ठरावीक मापाच्या झाल्या म्हणून कोणत्याही गाडीचे हात कोणताही डबा धरू लागले. त्याच सुमारास अमेरिकेत अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल शहराने बाजूने लांब हात काढून डबा पकडणारी गाडी बनवली. ड्रायव्हर केबिनमधून उतरतसुद्धा नसे. लोकांनी तिचे नाव गॉडझिला ठेवले.

युरोपातल्या नियमांत एक तरतूद वाचली, ती मला फार आवडली. मागच्या पायरीवर माणूस उभा आहे हे गाडीला कळले पाहिजे. तो उभा असेपर्यंत गाडी मागे जात नाही, ताशी तीस किलोमीटरच्या वर पळत नाही आणि दाबणारी फळी चालत नाही.

आपल्याकडे डेम्पस्टरची पेटी आली ती डंपर प्लेसर या नावाने. गावोगावच्या नगरपालिकांत तुम्ही ती पाहिली असेल, दोन हात, साखळ्या आणि पत्र्याची गंजकी पेटी. मग नागरी घनकचऱ्याचे २००० सालचे नियम आले, त्यात कचऱ्याला शक्यतो हात लागू नये असे म्हटले होते, आणि शहरांत दाबणाऱ्या गाड्या वाढल्या. पण इथे एक गोम आहे. त्या गाड्या जन्मल्या कागद, खोकी, डबे अशा फुगीर, कोरड्या कचऱ्यासाठी. आपल्या कचऱ्यात खरकटे, भाजीची देठे, नारळाच्या शेंड्या. मुळातच ओला, जड आणि दबलेला. त्याला दाबून फार काही साधत नाही, पाणी तेवढे निघते. गाडी गेली की रस्त्यावर जी काळी ओघळ राहते आणि नाकाला रुमाल लावावा लागतो, ती ही. ओला कचरा वेगळा दिला तर यातले निम्मे तरी टळेल, हे आमच्या सोसायटीच्या सभेत मी तीनदा मांडले आहे. पुढच्या सभेत चौथ्यांदा मांडीन.

परवा सकाळी मी मुद्दाम गाडीच्या वेळेला खाली उतरलो. कुंडीचे एक चाक तुटलेले. दोघे जण तिला फरफटत गाडीपर्यंत ओढत होते. हातांनी कुंडी उचलली, उलटी केली, पोट भरले, सगळे नातवाला आवडते तसे झाले. मग त्यातला एक जण फावडे आणि पाटी घेऊन कुंडीभोवती सांडलेला कचरा भरू लागला. तो निम्म्या कुंडीएवढा असेल, कारण झाकण उघडायचा कंटाळा करून आम्ही लोक पिशव्या बाहेरच फेकतो. पाटी उचलून त्याने मागच्या कडेवरून आत टाकली. हातमोजे नव्हते.

मी त्याला मागच्या पायरीचे विचारले. म्हटले, "तुम्ही यावर उभे असताना ती फळी चालू होते का हो?"

त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिले. म्हणाला, "होते की काका. बटण इथंच आहे बाजूला. पण ते लाल बटण चालत नाही, त्यामुळं आम्ही वर चढल्यावर ड्रायव्हरला हाळी देतो."

गाडी हलली. तो पायरीवर चढला आणि त्याने केबिनच्या दिशेने हाळी दिली.